आयुष्यभरासाठी बंद

मैथिली सावर्डेकर मूळची व्यसनमुक्तीच्या कामातली. कल्याणच्या एका संस्थेत दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट चालवण्यात तिची नऊ वर्षं गेलेली. पगार यथातथाच, तोही उशिरा. डोंबिवली एमआयडीसीतला कारखाना बंद पडून नवरा सुधीर घरी बसला आणि ठाकुर्लीतल्या घराचा सगळा भार तिच्यावर आला. त्याच सुमारास घोडबंदर रोडवरच्या एका ऑनलाइन रमीच्या कंपनीत 'जबाबदार खेळ कक्ष' निघतोय असं तिच्या कानावर आलं. पगार तिप्पट होता.

मुलाखत घेणाऱ्या प्रशांत सरांनी काही लपवलं नाही. एखादं राज्य बंदी आणतं, कंपन्या कोर्टात जातात, कोर्ट बंदी उठवतं, तोवर दुसरं राज्य जागं होतं. पैसे गुंतवणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, की उद्या सरकारने दार लावलं तर काय? तेव्हा आम्ही खेळणाऱ्यांची काळजी घेतो हे दाखवायला एक अनुभवी माणूस हवा, असं ते म्हणाले. 'दाखवायला' हा शब्द मैथिलीला खटकला. पण ठेवोत कशासाठीही, चार माणसं वाचली तरी पुष्कळ, अशी तिने मनाची समजूत घातली.

कंपनी कमावते कशी, हे तिला पहिल्या महिन्यातच उमगलं. कोण जिंकतो, कोण हरतो याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. टेबलावरच्या शंभर रुपयांतले बारा-तेरा कंपनी काढून घ्यायची, उरलेले जिंकणाऱ्याला जायचे. तेच पैसे पुन्हा डावावर आले की पुन्हा बारा-तेरा. माणूस नुसता बसून राहिला तरी त्याची पुंजी सहाणेवरच्या खोडासारखी झिजत जायची. गंमत म्हणून पन्नास रुपये लावणारे लाखांनी होते, पण त्यांच्यावर जाहिरातींचा खर्चही निघत नव्हता. कंपनी जगत होती ती शंभरातल्या चार-पाच जणांवर, ज्यांना उठता येत नव्हतं. २०२३च्या ऑक्टोबरपासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागू झाला. लोक पळू नयेत म्हणून कंपनीने बोनस देऊन तो बोजा स्वतः उचलला, आणि त्या चार-पाच जणांची गरज आणखीनच वाढली. त्यांच्यासाठी वेगळा व्हीआयपी विभाग होता. तिथला संदेश नावाचा कर्मचारी त्यांच्याशी घरच्यासारखा बोलायचा. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी, कोणाच्या मुलीचं लग्न कधी, त्याला तोंडपाठ.

परशुराम तांब्यांचा फोन आला तो २०२४च्या डिसेंबरात. कल्याणच्या एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी समीक्षा बदलापूरला. दुपार खायला उठते म्हणून खेळायला लागलो, असं त्यांनी सांगितलं. निवृत्तीच्या पैशातले नऊ लाख गेले होते आणि मुलीला त्याचा पत्ता नव्हता.

"ताई, माझं खातं बंद करा," ते म्हणाले. "आणि बंद म्हणजे असं करा, की उद्या मीच तुमच्या पाया पडलो तरी उघडू नका."

मैथिली त्यांच्याशी तासभर बोलली. मग त्यांच्या देखत, म्हणजे फोन चालू ठेवूनच, तिने पडद्यावरचा 'आयुष्यभरासाठी बंद' हा पर्याय निवडला आणि तसं त्यांना वाचून दाखवलं. मग त्यांनी "बरं वाटलं" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी घरी जाताना या नोकरीचं पहिल्यांदाच तिला समाधान वाटलं.

एप्रिलमध्ये ती एक यादी तपासत होती. त्यात तांब्यांचा नंबर चालू खात्यांत दिसला. दीड महिन्यापूर्वी पुन्हा उघडलेलं खातं, पाच हजारांचा बोनस, आणि तेव्हापासून रोजचा खेळ. ती तशीच उठून संदेशकडे गेली.

संदेश ओशाळला नाही. "मी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, बस," तो म्हणाला. "काका एकटे असतात. तेच म्हणाले, चालू कर. मी काय त्यांचा हात धरून खेळवलं?"

मैथिलीने प्रशांत सरांना सविस्तर लिहून दिलं. त्यांनी बोलावून घेतलं, पाणी मागवलं, लक्ष घालतो म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मोठ्या रकमा भरणाऱ्यांची नावं तिच्या पडद्यावरून नाहीशी झाली. विचारलं तर तांत्रिक बदल असल्याचं कळलं. तांब्यांना स्वतःहून फोन करावा असं तिला पुष्कळदा वाटलं. पण खेळणाऱ्यांशी परस्पर संपर्क ठेवला तर नोकरीवरून काढू, अशी अट कागदावर होती. सुधीरला काम मिळालं नव्हतं, मुलगी सान्वी दहावीत जाणार होती. मैथिली गप्प बसली. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बसणं सोपं जातं, हे तिने दारुड्यांच्या बायकांना किती वेळा सांगितलं होतं.

मग २०२५चा ऑगस्ट आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा लोकसभेत एका दिवशी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झाला, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. राज्याराज्यांतल्या बंदीशी झुंजायची सवय असलेल्या कंपनीला देशभराची बंदी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. टेबलं बंद झाली. मैथिलीला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पाचशेतले साडेतीनशे लोक घरी गेले. नव्याने कर्ज काढून घर घेतलेली पोरं लिफ्टपाशी खोके घेऊन उभी होती, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

तिची पाळी आली तेव्हा प्रशांत सरांनी तिच्यापुढे एक निवेदन ठेवलं. कंपनीचे वकील बंदीविरुद्धच्या खटल्यात ते कोर्टात लावणार होते. कंपनीने खेळणाऱ्यांची कशी काळजी घेतली, हे सांगणारं. खातं बंद करा अशा अकराशे चाळीस विनंत्या आल्या, सर्व पाळल्या गेल्या, असं त्यात लिहिलं होतं. सोबत यादी होती. सातव्या पानावर तांब्यांचा नंबर होता, पुढे 'बंद'.

"सगळं आटपलंय आता," प्रशांत सर थकल्या आवाजात म्हणाले. "सही केलीस की तीन महिन्यांचा पगार सुटेल."

मैथिलीने सही केली.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात राहिलेल्या पत्त्यावर ती कल्याणला गेली. तांब्यांनी दार उघडलं, आवाजावरून ओळखलं, खुर्ची पुसून दिली. खोलीत फ्रिजच्या जागी नुसता चौकोनी डाग होता. फोन त्यांच्या हातातच होता. बंदी आली, मग आता तरी थांबलं असेल ना, असं तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. संदेश आता बाहेरच्या देशातल्या कुठल्याशा ॲपचं काम करायचा. त्यानेच लिंक पाठवली होती. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात भरायचे, आणि जिंकलेले कधी येतात, कधी येत नाहीत. तक्रार करायला आता कोणी नव्हतं.

"त्या वेळी तुम्ही बंद केलं होतंत ना," ते जरा वेळाने म्हणाले. "मग उघडलं, तेव्हा मला वाटलं, तुम्हीच उघडलंत. ताईंना वाटलं असेल, आता हा माणूस सावरलाय. म्हणून खेळलो."

मैथिलीने त्यांना सगळं सांगितलं. यादीचं, सहीचं, पगाराचं.

"म्हणजे कागदावर मी बंद आहे," ते म्हणाले.

"हो, काका."

घरी येऊन तिने सही मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. सुधीरने ते दोनदा वाचलं आणि नको म्हणाला नाही. तीन महिन्यांचा पगार आला नाही. कंपनीकडून उत्तर नाही, कोर्टातून विचारणा नाही. ते निवेदन कुठल्या फाइलीत गेलं, ते तिला आजही ठाऊक नाही. नोव्हेंबरपासून ती जुन्या संस्थेत पुन्हा रुजू झाली, आधीपेक्षाही कमी पगारावर. दारूवाल्यांच्या गटाशेजारी तिने फोनवर खेळणाऱ्यांचा गट सुरू केला. तांबे तीन गुरुवार आले, चौथ्या गुरुवारी आले नाहीत.

जानेवारीत समीक्षाचा फोन आला. वडिलांच्या डायरीत तिला मैथिलीचा नंबर सापडला होता. खोली विकायचा करार तांब्यांनी परस्पर केला होता, आगाऊ घेतलेले पैसेही संपले होते. समीक्षा त्यांना बदलापूरला घेऊन गेली होती. ती रागावली नव्हती. तिला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं, की हे कोणाला आधी माहीत होतं का.

"मला माहीत होतं," मैथिली म्हणाली.

मग समीक्षाने गुरुवारच्या गटाची वेळ विचारली, लिहून घेतली आणि फोन ठेवला.