तेवीस नंबरचा व्हर्ब

आमच्या दहावीतल्या इंग्लिशचे किस्से काय संपत नाय. टोकावड्याच्या स्टँडवर एसटी लेट झाली की एक जण काढतो, मग दुसरा. एसटी येऊन जाते, आमी तिथंच! फक्त काशाचं नाव निघालं की सगळे गप. म्हणून आज मीच सांगतो.

*

इंग्लिशच्या सरांनी जूनमध्येच 'हजर सर' बंद केलं. प्रत्येकाला पुठ्ठ्याच्या पट्टीवर एक व्हर्ब दिला. नंबर पुकारला की आपल्या व्हर्बचे तिन्ही फॉर्म बोलायचे. नाय आले तर गैरहजर!

पयल्याच दिवशी मारामारी झाली, ती कट आणि पुटसाठी. तिन्ही फॉर्म सेम, पाठांतर नाय! मी दोन ओंजळी करवंदं देऊन पुट मिळवला.

"चोवीस?"

"पुट, पुट, पुट!"

सर म्हणाले, "फटफटी चालू झाली वाटतं!"

*

मी बेंचवर झोपायचो. एकदा सरांनी सगळ्यांना मला दाखवलं. "हा बघा इन्ट्रान्झिटिव्ह व्हर्ब. झोपायला याला ऑब्जेक्ट लागत नाय!"

मी डोळे न उघडता बोललो, "उशी लागते सर!"

छडी खाल्ली. तरी डोक्यात काय शिरलं नाय. मग काशानं सांगितलं. काशा माझ्या बाजूचा, वरच्या वाडीतला, तेवीस नंबर, व्हर्ब ब्रिंग. वर्गात इंग्लिश कळायचं ते त्यालाच.

"मारायला दुसरा लागतो ना? तो ट्रान्झिटिव्ह. रडायला एकटा पुरतो. तो इन्ट्रान्झिटिव्ह."

हे मात्र कळलं.

*

दिवाळी झाली आणि काशाच्या घरचे भिवंडीकडं वीटभट्टीवर निघाले. दरवर्षीचंच. काशानं त्याची पट्टी माझ्या हातात दिली.

"हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसवणार नाय रे. माझा व्हर्ब तू बोल. मार्चला येतो."

काशाचा आवाज बारीक. दुसऱ्या दिवशी तेवीस पुकारला तसा मी नाक दाबून बोललो, "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट!"

सरांनी मान वर केली नाय. "काशिनाथ, सर्दी झाली का रे?"

"हो सर!"

"काढा घे."

सर्दी चार महिने टिकली!

*

जानेवारीत मुरबाडवरनं साहेब आले तपासणीला. "तेवीस नंबर, उभा राहा."

राहिलो मीच! सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुझा व्हर्ब ट्रान्झिटिव्ह की इन्ट्रान्झिटिव्ह?"

"ट्रान्झिटिव्ह, साहेब. आणायचं म्हंजे कायतरी आणावं लागतं. रिकाम्या हातानं ब्रिंग होत नाय."

"शाबास, काशिनाथ!"

जन्मात एकदा शाबासकी मिळाली, ती पण दुसऱ्याच्या नावावर!

"चोवीस नंबर?"

मी पार गार! सर बोलले, "गैरहजर, साहेब. तो नेहमीचाच."

*

हॉल तिकिटं आली. सरांनी माझ्या हातात दोन ठेवली. एक माझं, एक काशाचं.

मी भट्टीवर गेलो. काशा चिखलात, साच्यातनं विटा काढत होता. त्याची आय झोपडीत आजारी, तिच्या जागी हा. त्यानं हात पुसले, तरी तिकीट हातात घेतलं नाय. लांबूनच फोटो बघितला.

"केस काय भारी विंचरलेत रे!"

"आठ दिवसांनी पेपर हाय, काशा."

"ठावं हाय."

"मग?"

"आय उठू दे."

बराच वेळ विटा मांडत राहिला. निघताना मी तिकीट पुढं केलं.

"तुझ्याकडंच ठेव. इथं चिखलात खराब व्हईल." आणि म्हणाला, "माझा व्हर्ब आता नको बोलूस."

*

दुसऱ्या दिवशी शाळेतली शेवटची हजेरी. सर खाली बघून एकेक नंबर घेत होते.

"तेवीस."

मी गप. सगळा वर्ग माझ्याकडं वळला.

"तेवीस," सर परत बोलले.



मग सरांनी पेन खाली ठेवलं. मान खालीच. दोन बोटांनी स्वतःचं नाक दाबलं आणि बारीक आवाज काढला, "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट."

कोण हसलं नाय. सरांनी पेन उचललं, तेवीसपुढं हजेरी मांडली.

"चोवीस."

मला पुट येईना.