पांढऱ्यावरून घे

कॅनडात एक हिवाळा काढलेल्या माणसाला काळ्या बर्फाची धास्ती असते. रस्त्यावर तो डांबरात मिसळून जातो आणि गाडी कधी गरकन फिरली ते कळत नाही. म्हणून गोठलेल्या तळ्याच्या काठावर नवऱ्याने समोरचा काचेसारखा काळा पट्टा पाहून म्हटलं, "ब्लॅक आइस आहे. पांढऱ्यावरून घेतो," तेव्हा मला ते पटलं. आमचं एकमत क्वचित होतं. त्या दुपारी नेमकं झालं.

तळ्याच्या मध्यावर, बर्फावरच उभी केलेली, त्याच्या ऑफिसातल्या मित्राची मासे धरायची झोपडी होती; आम्ही गाडीने तिकडेच निघालो होतो. पांढऱ्या बर्फावर कोणाच्या तरी स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरच्या, खुणा होत्या. "बघ, लोक जातात," नवरा म्हणाला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरं. पण पुढच्याला ठेचच लागली नाही, तर मागच्याने शहाणं व्हायचं कसं? त्यातून ती स्नोमोबिल केवढीशी आणि आमची गाडी केवढी, हा हिशेब आम्हा दोन इंजिनिअरांपैकी एकालाही सुचला नाही.

थोडं आत गेल्यावर बर्फ खालून कण्हला.

"नॉर्मल असतं ते," नवरा म्हणाला, पण त्याने गाडी थांबवली. मी आरशात पाहिलं. आमच्या चाकांच्या चाकोऱ्यांत पाणी चढत होतं.

तेवढ्यात मित्राचा फोन आला. तो झोपडीतून पाहत होता आणि ओरडत होता: पांढरा बर्फ भुसभुशीत असतो, काळा तोच पक्का! गाडी सोडा, काळ्यावर जा, आणि एकमेकांपासून लांब चाला!

मागच्या सीटवर आमची सात वर्षांची लेक होती. "बेल्ट काढ," मी म्हटलं.

"बट आई, यू सेड नेव्हर!"

मीच तो काढला. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. सगळ्यांत हलकी म्हणून तिला पुढे धाडलं. काळ्या बर्फावर पाऊल टाकताच ती थबकली, मागे वळली आणि तिने हात पुढे केला.

"हात नको," मी ओरडले. "जवळ येऊ नकोस. चाल!"

ती रडत रडत एकटी चालत राहिली. मागून अंतर ठेवून मी, आणि माझ्याही मागे नवरा; मी तिच्या पावलांखालचा काळोख बघत होते.

काठाला लागल्यावर मी धावत जाऊन हात पुढे केला. तिने आपले दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.