चावी आत्यांच्या हातात

नवरा गेल्यावर त्याची गाडी विकायची नाही, असं मी ठरवलं, तेव्हा घरातलं एकच माणूस माझ्या बाजूनं उभं राहिलं. माझी सासू. मी त्यांना आत्या म्हणते. धाकटा दीर मात्र महिन्यातून दोनदा तरी विषय काढायचाच. "वैनी, दारात गंजून जाईल ती. बाईमाणसाला कशाला पायजे गाडी?"

मी वाद घातला नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी आळेफाट्याला जाऊन गाडी शिकले, लायसन काढलं आणि आमच्या बोरीच्या रस्त्यानं चालवायला लागले. पहिले सहा महिने पारावरची माणसं बोलणं थांबवून बघत बसायची. बघू दे म्हटलं.

त्या दिवशी आत्यांना आळेफाट्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस यायचे, तेही दुपारपर्यंत. साडेआठलाच आत्या धुतलेलं लुगडं नेसून गाडीत बसल्या. मी चावी फिरवली.

टक.

परत फिरवली. परत टक. इंजिन हललंसुद्धा नाही.

दीर गोठ्यातून धारेची किटली घेऊन येत होता. तो तिथंच थांबला. "स्टार्टर गेला. मी सांगत व्हतो का न्हाई?"

शेजारचे भाऊ कुंपणावरून म्हणाले, "ढकलू या की. चार जणं बोलावतो."

"आणि आळेफाट्याला बंद केल्यावर कोण ढकलणार?" मी विचारलं.

"मग आईला माझ्या पिकअपमधी बसव," दीर म्हणाला. "मी नेतो. तू ऱ्हा घरी."

तू राहा घरी. मी काही बोलायच्या आत आत्याच बोलल्या. "मी हिच्याच गाडीत जाणार. तू दूध घालून ये जा."

मी बॉनेट उघडलं. गाडीच्या आतलं मला फार कळतं असं नाही. पण विहिरीवरची मोटर दोन वर्षं मीच सांभाळत होते. तिचा स्टार्टर असाच नुसता आवाज करून गप्प बसायचा, आणि दहातल्या आठ वेळा कुठंतरी वायर ढिली किंवा काळी पडलेली निघायची. हॉर्न दाबून बघितला. खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरी अगदीच मेलेली नव्हती. पुढचे दिवे लावले, तेही लख्ख. आता चावी फिरवताना दिव्यांचं काय होतं ते बघायचं होतं, आणि त्यासाठी आत कुणीतरी हवं होतं. दिराला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. "आत्या, उतरा आणि इकडच्या बाजूनं स्टिअरिंगपुढं बसा. मी म्हणेन तेव्हा चावी फिरवायची. ही अशी."

"आईला दिसत न्हाई, आन तू तिच्या हातात चावी देती?" दीर म्हणाला.

"चावी फिरवायला डोळं कशाला लागत्यात?" आत्यांनी पदर खोचला.

त्यांनी फिरवली. टक झालं आणि लख्ख दिवे एकदम मालवल्यासारखे झाले. सोडली की परत लख्ख. म्हणजे जोर लावायच्या वेळीच वीज कुठंतरी अडत होती. बॅटरीच्या एका टोकावर पांढरी-हिरवी बुरशी फुगली होती. चुलीवरचं गरम पाणी आणून ती धुतली, टोक पुसलं, पान्यानं आवळलं. "फिरवा आत्या."

टक.

दीर हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. शेजारचे भाऊ म्हणाले, "राव, फाट्यावरच्या मिस्त्रीला बोलवा ना." पण मिस्त्री दुपारशिवाय आला नसता. डोळे भरून आले होते, ते मी बॉनेटमध्ये वाकूनच कोपरानं पुसले.

मग बॅटरीच्या काळ्या वायरवर हात ठेवला आणि ती जाते कुठं ते चाचपत गेले. खाली गाडीच्या पत्र्यावर एका बोल्टनं ती बसवलेली होती. तिथं बोट लागलं आणि चटका बसला. बाकी सगळं गार आणि हे एकच टोक गरम! मोटरीच्या वायरचं ढिलं टोक असंच तापतं. बोल्ट हातानं हलत होता, खाली गंजाचा थर. बॅटरीची वायर सोडवली, बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा आणि टोक दोन्ही चकाकेपर्यंत घासलं. सगळं परत बसवून अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं.

"फिरवा!"

इंजिन असं दणक्यात सुरू झालं की आत्यांनी घाबरून दोन्ही हात वर केले. मग त्या हसायलाच लागल्या. "चालू केली गं म्या!"

"वायर परत ढिली झाली म्हंजी?" दिरानं विचारलं.

"परत आवळीन," मी म्हणाले, आणि पाना सीटखाली टाकला.

सव्वाअकराला आम्ही पोचलो. माझी नखं काळी होती, साडीला गंज लागला होता. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन ठरवलं. काउंटरवरच्या माणसानं कागद पुढं केला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "बरोबर माणूस कोण आहे? सही लागते."

"मी आहे," मी म्हणाले. "पेन द्या."

त्यानं दिलं. सही केली, तेव्हा काळा अंगठा कागदावर उमटला. काउंटरवरचा माणूस तो ठसा पुसायला गेला, तर मी म्हटलं, राहू द्या.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तेव्हाही गाडी मीच नेली.