चौदा नंबर वगळ

मानकोलीच्या आमच्या गोदामात चौदा नंबरच्या रॅकचा पुढचा खांब धडक बसून वाकला होता. मी मालकांना म्हटलं, लाल पाटी लावू या. मालक म्हणाले, "पाटी कशाला? गिऱ्हाइकं बघायला येतात. तू कॉम्प्युटरमधून बंद कर की."

मी केलं. तयार सॉफ्टवेअर तसं करू देईना, म्हणून डेटाबेस सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्येच मी एक ओळ घुसवली: सुरू होताना चौदा नंबर वगळ. स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश होते मी. दोन वर्षं त्या रॅकवर एक खोकं चढलं नाही, आणि त्या दोन वर्षांत ती ओळ मी साफ विसरून गेले.

मग एका रविवारी, गोदाम बंद असताना, सर्व्हर अपग्रेड केला. त्याने मध्येच विचारलं, जुनी सेटिंग ठेवायची की नवी घ्यायची? मला घरी जायची घाई. नवी, म्हटलं. सगळं बिनबोभाट सुरू झालं. मनात कुठेतरी पाल चुकचुकली, पण मी लॅपटॉप मिटला.

सोमवारी सकाळी स्क्रीनवर चौदा नंबर दिसला. पुढे लिहिलं होतं, सहा पॅलेट, म्हणजे मालाने लादलेल्या सहा लाकडी फळ्या. जुन्या फाइलबरोबर माझी ती ओळही गेली होती.

धावत गेले. फोर्कलिफ्ट चालवणारे राहनाळचे काका सातवं पॅलेट घेऊन रॅकच्या तोंडाशी पोचले होते.

"काका, थांबा. हा रॅक बंद आहे."

माल कुठे ठेवायचा ते सांगणारा हातातला स्कॅनर त्यांनी दाखवला. "आज यानं हितंच पाठवलं. मला वाटलं, ताईनं दुरुस्त करून घेतला आसंल."

वर लोखंड करकरलं. आम्ही दोघांनीही वर पाहिलं. खांब आणखी झुकला होता.

"तुम्ही बाहेर या. मी मालकांना बोलावते."

"मालक येऊन काय करनार? वजन हाय तवर त्यो वाकतच जानार. मी चढवलाय, मीच उतरवतो. तुमी लांब व्हा."

मी लांब झाले. त्याची लाज मला आजही वाटते. सहा वेळा ते त्या रॅकखाली गेले, आणि सहाही वेळा मी लांबूनच बघत उभी होते. शेवटचं पॅलेट जमिनीला टेकलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं. किल्ली काढून ते खाली उतरले.

"ताई," ते म्हणाले, "फुडच्या टायमाला मशीनला नका सांगू. मला तोंडानं सांगा."