डाव्या बाजूचं स्टूल

लग्न होऊन मी वडनेरला आले तेव्हा त्या घरात आवाजाची वेडी माणसं दोन होती, आणि त्या दोघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नव्हतं. एक माझे यजमान आणि दुसरे त्यांचे वडील. त्यांना मी मामाजी म्हणत असे. मामाजी म्हणजे गावच्या भजनी मंडळातले ढोलकीवाले. पण मी आले त्या सुमारास त्यांनी मंडळात जाणं सोडलं होतं. विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतेत, बाई." ढोलकी खुंटीला टांगलेली असायची.

यजमान हिंगणघाटला एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते. ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका दिवाळीला ते नागपूरहून टेप घेऊन आले. साधा नाही, स्पीकरचे दोन डबे वेगळे काढून खोलीच्या दोन टोकांना ठेवता येतील असा. ते डबे ठेवायला त्यांनी दोन उंच स्टुलं स्वतःच्या हातांनी केली. सुताराला विचारलं असतं तर त्याने ओल्या बाभळीला हात लावू दिला नसता. म्हणूनच बहुधा विचारलं नाही. दिवाळीत स्टुलं छान उभी राहिली. उन्हाळा लागला तसं लाकूड आकसलं, खाचा सैल झाल्या आणि दोन्ही स्टुलं डुलायला लागली. गाणं लागलं की डावं जरा जास्तच डुलायचं.

यजमानांना ते सहन होईना. टेपसमोर बसून ते मान वाकडी करून ऐकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "खालचा आवाज पसरून राह्यला. तबला पाहा कसा ढिला वाजते."

मामाजी डाव्या स्टुलाला खेटून चटईवर बसलेले असत, त्याच्या खालच्या आडव्या फळीवर तळवा ठेवून, डोळे मिटून. डोळे न उघडताच ते म्हणत, "काऊन रे, इस्टूल हाललं म्हनून का गानं हालते? गानं फितीत हाये."

"फितीत हाये, पन कानापर्यंत याले त्याले डब्यातून यावं लागते ना, बाबा. डबाच डुलून राह्यला तर?"

"मंग माह्या मांडीवरची ढोलकी काय खांबाले बांधून वाजवत होतो का म्या?"

बाप-लेकांचं इतकं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. सासूबाई तूर निवडता निवडता मला म्हणाल्या, "भांडू दे. मुक्यानं बसन्यापरीस बरं."

पुढच्या रविवारी यजमानांनी विटा आणल्या, माती कालवली आणि खोलीच्या दोन्ही टोकांना कमरेएवढे दोन ओटे बांधले. ओटे सुबक झाले, यात शंका नाही. फक्त ते हुबेहूब तुळशीच्या ओट्यासारखे दिसत होते. संध्याकाळी सासूबाईंनी सवयीनं एकावर हळदकुंकू वाहिलं आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. यजमान हसले नाहीत. त्यांनी हळदकुंकू पुसलं, वर डबे ठेवले आणि जाहीर केलं, "आता आयका फरक."

"मले तर काही फरक नाई वाटत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हनून म्हनतो, परीक्षा घ्या," यजमान म्हणाले. "डोये बांधून. डबे कधी इस्टुलावर, कधी ओट्यावर. ज्यानं त्यानं वळखाचं."

डबे हलवायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे तिघे दुपट्ट्यानं डोळे बांधून भिंतीकडे तोंड करून बसले. सासूबाई डोळे बांधूनही तूर निवडत होत्या. मी डबे ठेवायचे, उचलायचे, कधी नुसतीच पावलं वाजवून होते तिथंच राहू द्यायचे. सासूबाईंनी जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. यजमान दोनदा सपशेल चुकले आणि म्हणाले, "बाहेरून बैलबंडी चालली होती."

"तुले कसं समजते वो आई?"

"इस्टुलावर असलं की मांगं बारीक खडखड येते. डबा नाई खडखडत. इस्टूलच खडखडते. गानं जसंच्या तसं हाये."

म्हणजे दोघंही बरोबर होते, असं मी म्हणणार होते. पण मामाजींचं उत्तर अजून एकदाही आलं नव्हतं. ते नुसते मान हलवत होते. मी डबे ओट्यावर ठेवले आणि गाणं लावलं. सुरुवातीला हळू बासरी, मग तबला. आवाज खोलीभर नीट भरला. मामाजी थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आता लाव ना, पोरी. कायची वाट पाहून राह्यली?"

सासूबाईंचा सुपावरचा हात थांबला. यजमानांनी डोळ्यांवरचा दुपट्टा खाली ओढला आणि वडिलांकडे बघत राहिले. मामाजी भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, गाणं सुरू व्हायची वाट बघत होते.

त्या क्षणी मला त्यांची ती रोजची बैठक समजली. जवळून मोठ्यानं बोललेलं त्यांना कळायचं, पण टेपचा आवाज कानापर्यंत पोचत नव्हता. गाणं ते स्टुलाच्या फळीतून तळव्यानं घ्यायचे. स्टूल जितकं ढिलं, तितकं ते थरथरायचं, तितकं त्यांना जास्त कळायचं. विटांचा ओटा कशाला थरथरतोय! भजन सुटलं होतं ते गुडघ्यांमुळं नाही, हेही कळलं.

मी उठले, डावा डबा स्टुलावर ठेवला, स्टूल त्यांच्या गुडघ्याजवळ सरकवलं. त्यांचा हात आपोआप फळीवर गेला. "हां," ते म्हणाले, "इस्टुलावर हाये." आणि विजयी चेहऱ्यानं दुपट्टा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला धपाधप आवाज आला. बघते तर यजमान सब्बलीनं डावा ओटा पाडत होते.

"काऊन रे? बांधला कायले, पाडला कायले?" मामाजींनी विचारलं.

यजमान त्यांच्या कानाजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "इटेले ओल सुटते, बाबा. डबा खराब होईन."

"म्या सांगतलंच होतं तुले."

"हो. तुमचंच बरोबर निंगालं."

इतक्या सरळपणे हार मानताना मी त्यांना त्यानंतर कधी पाहिलं नाही. दुपारी मामाजी झोपल्यावर त्यांनी डाव्या स्टुलाची एक पाचर ठोकून बाहेर काढली. ते आणखी डुलावं म्हणून.

महिन्याभरानं त्यांचा हिंगणघाटचा मित्र टेप ऐकायला आला. त्याला आवाजातलं कळायचं. बसल्या बसल्या म्हणाला, "एका बाजूनं आवाज फाटून राह्यला, भाऊ. ते इस्टूल पाहा कसं हालते. मजबूत कर ना त्याले."

यजमान गंभीर झाले. "तुले नाई समजत," ते म्हणाले. "लाकडाले मोकळं सोडावं लागते. लाकूड मोकळं असलं तर आवाज खुलते. एक बाजू पक्की, एक बाजू मोकळी, अशीच पद्धत हाये."

मित्र बिचारा ओटा आणि स्टूल दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिला. पुढं त्यानं स्वतःच्या घरी एका स्टुलाचे खिळे सैल केले, असं ऐकलं. खरंखोटं माहीत नाही.

मामाजींना आम्ही वर्ध्याला डॉक्टरांकडं नेलं, पण कानांसाठी फार उशीर झाला होता. ते मंडळात परत गेले नाहीत. पण एका दुपारी त्यांनी ढोलकी खाली काढली, धूळ पुसली, दोऱ्या ताणल्या आणि डाव्या स्टुलाला गुडघा टेकवून बसले. कॅसेटमधल्या ठेक्याबरोबर त्यांचा हात पडू लागला. आधी चाचपडत, मग बिनचूक. यजमान नुकतेच बसमधून उतरून आले होते. हातातली पिशवी न ठेवता दारातच उभे राहिले.

आतून सासूबाई ओरडल्या, "आवो, ते टेप जरा मोठा करा नाही तं ढोलकी तरी लहान करा. एक काहीतरी आयकू येऊ द्या मले."

मामाजींना अर्थातच ते ऐकू आलं नाही. यजमानांना आलं होतं. पण त्यांनीही टेपला हात लावला नाही.