खळमावशीचा रकाना

चाळीस वर्षं वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाईला घरचे कागद सुटे कसे बघवणार? छापखान्यात तिला सगळे खळमावशी म्हणत, कारण तिच्या बोटांवरची खळ कधी पुरती धुतलीच गेली नाही. मुलाचा घटस्फोट झाला आणि कागदांची पिशवी घरी आली, तेव्हा तिने दाभण-दोरा काढला. लग्नाचा दाखला, नातीच्या जन्माचा दाखला, सुनेची नर्सिंगची प्रमाणपत्रं आणि शेवटी कोर्टाचा हुकूमनामा, सगळं तारखेनुसार लावलं, टाके घातले, वरून निळं कापड चढवलं.

"आता एक कागद हरवायचा नाही," ती म्हणाली.

"आई, घटस्फोटाला एवढी देखणी बांधणी कुणी केली नसेल," सून म्हणाली. दोघी हसल्या. कशाला हसलो, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

तडजोडीच्या कागदावर सगळी वाटणी झाली होती. फ्रीज सुनेला, मोटरसायकल मुलाला, नात आईकडे आणि रविवारी बापाकडे. कुकरसुद्धा विसरले नव्हते मेले! फक्त सासू कुणाकडे, हे लिहायचं राहून गेलं. मुलगा बॅग घेऊन जिना उतरला आणि खळमावशी भाजी चिरत होती तिथेच राहिली. "मला जागा मिळाली की नेतो तुला," तो म्हणाला होता. जागा मिळाली, तिच्यात नवी बायकोही आली. मग तो फोनवर "येतेस ना?" असं विचारायचा, पण न्यायला कधी येऊ, हे काही विचारायचा नाही.

दीड वर्ष असंच गेलं. मग घरमालकाने घर मागितलं, आणि सुनेला हॉस्पिटलच्या आवारातच क्वार्टर मिळत होती. फॉर्मवर ठळक छापलं होतं : क्वार्टरमध्ये फक्त कुटुंबातील व्यक्ती राहतील. खळमावशीने ते दोनदा वाचलं. आपण कुटुंबातल्या की बाहेरच्या? सुनेला न सांगता ती वकिलांकडे गेली.

"कायद्याने तुम्ही आता तिच्या सासू नाही," वकील म्हणाले.

"पण नातीची आजी आहे ना?"

"अर्थात. ते नातं कुणी तोडू शकत नाही."

"आणि नात तिची मुलगी?"

"हो."

"मग मुलीची आजी तिची कोण?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला सांभाळायची जबाबदारी मुलाची आहे, मावशी."

"सांभाळायचं कुणी विचारलं हो? मी कोण, ते विचारलं."

यावर त्यांनी चहा मागवला.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्याचा भुगा झाला. मुलाकडे जावं का? पोटचा गोळा आहे शेवटी. रविवारी नातीला घ्यायला तो खाली उभा राहायचा, तेव्हा त्याची वाळलेली मान खिडकीतून बघून तिचा जीव तुटायचा. आणि इकडे सून ड्यूटीवरून आली की तिच्या सुजलेल्या पायांना तेल चोळतानाही तुटायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. राग तरी कुणावर काढायचा? नातीची वेणी सकाळी आपल्याच हातची हवी, एवढं मात्र तिला नक्की कळत होतं. बाकी सगळा गोंधळ.

फॉर्म आणि निळं पुस्तक घेऊन दोघी क्वार्टरच्या ऑफिसात गेल्या, तिथला क्लार्क भला माणूस निघाला. पुस्तकाची बांधणी बघून तर खूशच झाला. "वा! इतके नीट कागद आजवर कुणी आणले नाहीत हो." त्याने लग्नाचा दाखला पाहिला आणि फॉर्मवर नात्याच्या रकान्यात लिहिलं : सासू. खळमावशीने टेबलाखाली सुनेचा हात दाबला. आता पुस्तक मिटावं की नाही माणसाने? पण बांधणी आवडली ना त्याला! तो कौतुकाने पुढची पानं उलटत गेला, थेट शेवटच्या पानापर्यंत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"सिस्टर, तुमचा तर घटस्फोट झालाय." त्याने 'सासू'वर काट मारली. "आजींना मुलगा आहे ना? मग त्यांनी तिकडे राहायचं."

"त्या माझ्याकडे राहतात," सून म्हणाली.

"राहतात हो, पण मी रकाना कुठला भरू?" त्याने फॉर्म उलटा केला, मान खाजवली. "एक करता येईल. घरकामाला राहणारी बाई ठेवायला परवानगी आहे. लिहू?"

सून ताडकन उठली. "अजिबात नाही. चला आई."

खळमावशी उठली नाही. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण मुलाच्या घरी पाहुणीसारखं कोपऱ्यात बसायची भीती त्याहून मोठी होती.

"लिहा," ती म्हणाली.

"आई!"

"गप बस गं. लिहू दे त्याला."

क्लार्कने खाली मान घालून लिहिलं. मग विचारलं, "यांच्याकडे कामाला किती वर्षं?"

खळमावशी सुनेकडे बघायला लागली. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सोळा वर्षांपूर्वी मी यांच्या घरी आले," ती म्हणाली. "या माझ्याकडे आल्याच नाहीत."

क्लार्कचं पेन थांबलं. "मग काय लिहू?"

"सोळा लिहा," खळमावशी म्हणाली.

क्वार्टरमध्ये राहायला गेल्यावर पुढच्या आठवड्यात नातीला शाळेतून घेऊन येताना आवाराच्या फाटकावर वॉचमनने पास मागितला.

"कुणाकडे काम करता, मावशी?"

"सुनेकडे."

"ही माझी आजी आहे," नात मध्येच म्हणाली.

वॉचमनने एकदा पासाकडे बघितलं, एकदा पोरीकडे. "इथे तर कामवाली लिहिलंय. मी काय खरं धरू?"

खळमावशीने नातीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

"मला तरी कुठे कळलंय, बाबा? तू आपला पासच धर. म्हणजे घरी जाता येईल."