ताणावरची बाग

पिंगळीला स्टेशनाच्या मागं आमची मोसंबीची छोटी बाग आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी लावलेली. दिवाळी सरली की ते बागेचं पाणी तोडत. त्याला इकडं ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडत, गळत, फांद्या उघड्या होत. मला बघवत नसे.

"झाडाला निजू दे गं," ते म्हणायचे. "देवानं सुद्धा सातव्या दिवशी हात थांबवले. सारखं हिरवं ऱ्हायलं तर फुलणार कधी?"

जानेवारीत पाणी सोडलं की महिनाभरात बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाई. वास पार रस्त्यापर्यंत.

मागच्या वर्षी त्यांनी मोटार बंद केली आणि आठवडाभरात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर मी त्यांची खाट बागेकडच्या ओसरीत टाकली. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. निघताना म्हणाले, "जन्मभर राबलात गुरुजी. देवानं विसावा दिलाय असं समजा."

ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला संताप आला. असा हातपाय बांधून देतात का विसावा?

मग मुलगा पुण्याहून रजा काढून आला. बाग बघून माझ्यावरच उखडला. "मम्मी, झाडं मरायलीत आणि तू बघत बसलीस?"

"ताणावर आहेत ती. पप्पांनीच पाणी तोडलंय."

"पप्पांना आता काय कळतंय!"

बापासमोर बोलला. गेला आणि मोटार चालू केली. आवाज ऐकताच हे डावा हात खाटेवर आपटायला लागले. घशातून नुसता घोगरा आवाज, डोळ्यांतून पाणी. मुलगा धावत आला. "पाणी पाहिजे त्यांना," म्हणत त्यानं चमचा ओठाला लावला. ह्यांनी दात घट्ट आवळले. पाणी मानेवरून उशीत गेलं.

"तहान नाही रे त्यांना, मोटार बंद कर!" मी ओरडले. त्याला वाटलं, आईचं डोकं ठिकाणावर नाही. दोन दिवस त्यानं बाग भिजवली आणि समाधानानं परत गेला.

नाताळ झाला आणि हे गेले. माघात झाडं हिरवीगार, पण फूल एक नाही. येणारे-जाणारे म्हणत, "बाग लय झकास ठेवली की बाई." मी घरात निघून जाई.

शुभ शुक्रवारी चर्चमध्ये प्रभूच्या क्रुसावरच्या तहानेवर उपदेश झाला. मी शेवटच्या बाकावर होते. वाटलं, त्याच्या ओठांना आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, लावणाऱ्यांनाही कदाचित बघवत नसेल. दुसऱ्याची तहान आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण त्याचं तोंड ओलं करतो. स्वतःसाठीच. स्वर्गातल्या बापाला मात्र पुत्राची तहान सोसावी लागली. तो गप्प राहिला, पण पुत्राला टाकून गेला नाही, असं आपण मानतो. माझ्या माणसाजवळ तो होता का, मला माहीत नाही. सांत्वन काही मिळालं नाही. ह्यांना देवानं शिक्षा केली असं मनात डाचायचं, तेवढं मात्र त्या दिवसापासून वाटेनासं झालं.

यंदा दिवाळीनंतर मीच पाणी तोडलं. मुलाचा फोन आला. "पाणी सोडतेस ना बागेला?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पायरीवर बसते. प्रार्थनेला शब्द येत नाहीत. पानं गळतात, तेवढी बघते.